बोलायचं नाही असं ठरलं होतं

"मिस्त्री, आता खांद्याखाली हात घालतोय हं," मामा म्हणाले, आणि मगच त्यांनी हात घातला.

दाराशी फाइल धरून उभी असलेली मुलगी चमकली. मिस्त्री म्हणजे तिचे बाबा. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेले आणि आज सकाळी वारलेले. देहदानाचा फॉर्म त्यांनी स्वतःच भरून ठेवला होता, त्यामुळे ती त्यांना मेडिकल कॉलेजच्या या गार खोलीत घेऊन आली होती. मामा इथले जुने शिपाई. डॉक्टरांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. स्ट्रेचर आत येताच त्यांनी कागदांच्या आधी विचारलं होतं, "काय काम करायचे हे?"

"आता पाय सरळ करतो. टेबल स्टीलचं आहे, जरा गार लागेल."

"मामा, त्यांना ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. असलं काही एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागतंय याचीच तिला लाज वाटली.

"हो ना," मामा म्हणाले आणि पुन्हा टेबलाकडे वळले. "मनगटाला नंबर बांधतोय, मिस्त्री. एकशे बारा तुमचा."

बाबांचं मत अगदी सरळ होतं. मोटर जळाली की जळाली, ती जळून कुठे जात नाही. कुणी वर बोट दाखवून काही सांगायला लागलं, की ते म्हणत, "वर मी रोज जाऊन येतो. मशीनरूम आहे आणि कबुतरं आहेत." आई गेली तेव्हा मुलगी तिच्या उशाशी बसून तासभर बोलत राहिली होती. तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, पण विसरलेही नाहीत. गेल्या महिन्यात अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं. "माझ्याशी तसलं काही करायचं नाहीस. मी नसेन तिथे. बोललीस, तर आजवर तुला शिकवलेलं सगळं पाण्यात जाईल."

"नाही बोलणार," तिने शब्द दिला होता. नुसता मन राखायला नाही, तिलाही तेच पटत होतं. सकाळपासून ती डॉक्टरांशी बोलली, भावाला फोन केला, गाडीवाल्याशी भांडली. बाबांशी मात्र एक अक्षर नाही. ओठ मिटून मिटून जबडा दुखायला लागला होता.

आणि हा परका माणूस त्यांच्याशी खुशाल गप्पा मारत होता. तिला राग आला. मग वाटलं, हा राग नाही, हेवा आहे. कशाचा हेवा, ते काही तिला उमगेना.

"मामा, मेल्यावर काही असतं असं वाटतं का तुम्हाला?"

मामांनी हातातली दोरी कापून बाजूला ठेवली. "छे. बत्तीस वर्षं इथे आहे. अजून एकानेही उठून काही सांगितलेलं नाही."

"मग बोलता कशाला?"

"अहो ताई, न सांगता कुणाच्या अंगाला हात कसा लावायचा?"

यावर बाबांना नक्की काहीतरी उत्तर सुचलं असतं. सवयीने तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपण त्यांच्या उत्तराची वाट बघतोय हे लक्षात आल्यावर नजर कुठे न्यावी ते तिला कळेना. ती भिंतीवरच्या नळाकडे बघत राहिली.

मामांनी फाइलमधल्या सह्या तपासल्या. "झालं. आता मी यांना आत नेणार. त्याआधी घरच्यांना पाच मिनिटं देतो मी."

"मला नकोत. बोलायचं नाही असं ठरलंय आमचं."

"बरं. मग मीच काय ते सांगतो. कुठल्या कानाने ऐकायचे?"

"उजव्या. डावा कान मोटरच्या आवाजाने कधीच गेला," ती चटकन म्हणाली. आपण काय सांगून बसलो, ते तिला मागाहून कळलं.

मामा उजव्या कानाशी वाकले. "मिस्त्री, पोरगी थांबलीय अजून. मी जरा बाहेर जातो." आणि ते खरंच दार ओढून घेऊन गेले.

खोलीत ती एकटीच होती. बाबा नव्हते, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. मग दिलेला शब्द कुणापाशी होता? जो माणूसच नाही, त्याला दिलेला शब्द मोडला तर वाईट कुणाला वाटणार? आणि कुणालाच वाटणार नसेल, तर आपले ओठ अजून मिटलेलेच का? तिला सगळं पटत होतं आणि काहीच कळत नव्हतं.

ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, बाबांच्या डाव्या कानाशी वाकली आणि अगदी हळू आवाजात बोलू लागली.