उरलेली बाटली

मागच्या साली उंद्रीच्या बाजारात कृषी केंद्रवाल्याने कपाशीवरचं औषध सगळ्यांसमोर स्वतःच्या मनगटावर ओतलं होतं. “पाहा, काही झालं का? तोंड कायले बांधता?” त्याला खरंच काही झालं नाही. बाबांनी त्याचं ऐकून तोंड-डोळे न झाकता फवारलं आणि डोळे गमावले. मी कॉलेजात शिकले: शरीरातल्या, जंतूंशी लढणाऱ्या मारेकरी पेशी कधीकधी विषाची पहिली भेट गुपचूप लक्षात ठेवतात आणि दुसऱ्या भेटीत कातडी पेटवतात. यंदा त्याच औषधाची बाबांची उरलेली बाटली मी त्याच्यापुढे ठेवली. “काका, लोकायले भरोसा नाही. पुन्हा दाखवा ना.” “तुह्या बापालेच फवारता येत नव्हतं, पोरी,” म्हणत त्याने झाकणभर मनगटावर ओतलं. सगळे हसले; मीही. तिसऱ्या दिवशी त्याचा हात कोपरापर्यंत फोडांनी भरला. मी बाबांना सांगितलं, “तो इसरला, कातडी नाही इसरली.” बाबांनी चाचपडत माझा हात धरला. “बाटलीत त्याच्यासाठी अजून उरलं का?”