पाच शब्द

दार नीट लागलं नव्हतं. बोटभर फट होती, आणि त्या फटीला लेकीचा कान होता.

"आजी, मघाशी मी पाच शब्द सांगितले होते. आठवतात का?" आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या लेकीचे ओठ आपसूक हलू लागले.

"होडी... कुलूप..." आईचा आवाज चाचपडला. मग अंधारात कठडा हाताला लागावा तसा सुरळीत चालू लागला, "मामा, लिंबू, पिवळा!"

"वा! आमच्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा तुम्ही बऱ्या. पण अंगाई गाता की काय हो आजी?"

लेकीचे ओठ जागीच थांबले. अंगाईचीच चाल होती ती. आई वार विसरली, घराचा जिना विसरली, पण चाल विसरली नव्हती. म्हणून लेकीनं शब्द चालीत ओवले. विसरण्याच्या आजारावरचं नवं औषध इथे माणसांना देऊन पाहत होते. शब्दांच्या तीन याद्या आलटून पालटून यायच्या. तिन्ही तिनं या फटीतूनच टिपल्या होत्या, आणि सकाळ-संध्याकाळ आईला समोर बसवून घोकून घेतल्या होत्या. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. गुण घसरले तर नाव कमी, औषध बंद. आणि दुसरं औषध कुणापाशीच नव्हतं.

"या हो आत!" डॉक्टरीणबाईंचा चेहरा फुलला होता. "गेल्या खेपेला दोन, आज पाचपैकी पाच. औषध लागू पडतंय. आता मात्रा दुप्पट करायची. चक्कर येणं, तोल जाणं, असलं काही नाही ना?"

लेकीनं आईच्या बाहीकडे पाहिलं. या महिन्यात आई तीनदा पडली होती. कोपर अजून काळंनिळं होतं, म्हणून तर भर उन्हाळ्यात तिला पुऱ्या बाह्यांचा स्वेटर घातला होता. खरं सांगितलं तर औषध बंद. गप्प बसलं तर दुप्पट.

"नाही... तसं काही नाही."

स्वतःचाच आवाज लेकीला परका वाटला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर खूण केली. ती खूण होताना लेकीला दिसली, आणि हात पुढे करून ती पुसून टाकावी असं वाटलं. हात उचलला नाही.

"झालंच. आता एकच. आजी, या कोण?"

हा प्रश्न फटीतून कधी ऐकू आला नव्हता. तो पाठ करून घ्यायचं लेकीच्या मनातही आलं नव्हतं.

आईनं तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंचा हात घट्ट धरला, त्यांच्या कानाशी वाकली.

"शिकवणीच्या बाई आहेत त्या. हळू बोला," ती कुजबुजली. "माझं सगळं बरोबर आलं, एवढं सांगा हो त्यांना. पाठ झालं की मला माझ्या लेकीकडे सोडतील."