घेर

नर्तकी दुसऱ्यांदा पडली, तेव्हा अंधाऱ्या प्रेक्षागृहातून धाकटीचा आवाज आला, "त्या बाईंना म्हणावं, तो स्कर्ट कापा."

त्या बाई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. बॅले बसवला होता धाकटीनं, त्याचे कपडे थोरलीचे. तालमी सुरू झाल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. जे काय असेल ते मॅनेजरमार्फत. मॅनेजर बिचारा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेला असायचा. त्यानं निरोप पोचवायची गरजच नव्हती, कारण सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा बेतानंच दोघी बोलायच्या.

"त्यांना म्हणावं, शिवणाच्या खोलीतली सगळी माणसं चार महिने या स्कर्टावर राबत होती," विंगेतून थोरली म्हणाली. "नाचणारीला आधी चालायला शिकवा."

नर्तकी घोटा चोळत रंगमंचावर बसली होती. तिच्याभोवती राखाडी रेशमाचे थरावर थर पसरले होते. नवऱ्याचं घर कायमचं सोडून निघालेल्या बाईची भूमिका होती तिची. ते घर तिच्यामागून फरफटत यावं, म्हणून थोरलीनं एवढा घेर ठेवला होता. कागदावरचं चित्र पाहून सगळ्यांनी वाहवा केली होती, एक धाकटी सोडून. आता उडीची वेळ आली की तोच घेर पायात येत होता.

"लागलं का गं?" थोरलीनं विचारलं.

"नाही," नर्तकी म्हणाली. मग खाली बघत, "थोडंसं."

धाकटी उठली आणि पायऱ्या चढून थेट उजेडात आली. 

"उद्या खेळ आहे," ती बहिणीच्या तोंडावर म्हणाली. "मला हिचे पाय दिसायला हवेत. तुझं कापड बघायला कुणी तिकीट काढत नाही."

"तुझा नाच बघायला काढतात, असं वाटतं तुला."

"तू कापतेस की मी कापू?"

थोरलीनं तिला नीट न्याहाळलं. "लहानपणापासून तेच करत आलीस. माझं कापायचं आणि स्वतःच्या अंगावर चढवायचं."

"दुसरं काही मिळालं कधी? कॉलेजात जाईपर्यंत नवं कापड लागलं नाही माझ्या अंगाला. तुझ्या घामाचा वाससुद्धा गेलेला नसायचा त्यातून."

नर्तकीनं दोघींच्या मधून हळूच पाय ओढून घेतला.

"उभी राहा," थोरली तिला म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली, पिनांची डबी शेजारी उघडून ठेवली आणि घेरावर पिना टोचत गेली.

"पोटरीपर्यंत पुरे," धाकटी म्हणाली.

थोरलीनं टोचलेल्या पिना उपसून फेकल्या आणि कात्री गुडघ्याशी लावली. रेशीम चरचरत फाटत गेलं. मोजमाप नाही, खडूची रेघ नाही. एका बाजूला वर, एका बाजूला खाली. पिनांची डबी लवंडली, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. थर एकेक करून खाली आले.

"एवढं नको होतं," धाकटी म्हणाली.

"आता आहे."

संगीत पुन्हा लावलं. कापलेलं रेशीम मागे पसरलं होतं; रंगमंचाचा पुढचा भाग तेवढा रिकामा होता, तिथे नर्तकी घोटा सांभाळत नाचू लागली. थोड्या वेळानं ती घोटा विसरली. तिनं उडी मारली, आणि ती खाली टेकली तरी ती फाटकी कड हवेतच होती. मग कड खाली आली, मागाहून, नाइलाज असल्यासारखी. घर सोडून निघालेली बाई त्या क्षणी खरोखर दिसली. मॅनेजरनं चष्मा काढून पुसला.

संगीत थांबलं. नर्तकीनं आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. शाबासकी कुणाकडून घ्यायची ते तिला कळेना. मॅनेजर तिला घोट्यावर बर्फ लावायला घेऊन गेला.

"उद्यापर्यंत कड दुमडून घे," धाकटी म्हणाली.

"दुमडणार नाही. धागे असेच लोंबतील."

"लोकांना वाटेल काम अर्धवट राहिलं."

"वाटू दे. कुणी विचारलं तर तू माझं नाव सांग. मी तुझं सांगेन."

थोरली कापलेलं रेशीम गोळा करायला वाकली आणि तिच्या तळहातात पिन घुसली. मागच्या भागात या टोकापासून त्या टोकापर्यंत पिना सांडल्या होत्या. उद्या पहाटेपासून इथे मुली पातळ बुटांनी, काही अनवाणी सराव करणार होत्या.

तिनं डबी घेतली आणि डाव्या कोपऱ्यापासून एकेक पिन वेचायला लागली. धाकटी थोडा वेळ उभी राहिली. मग तीही उजव्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली आणि ओंजळीत पिना गोळा करू लागली. दोघी रांगत, फळ्यांवरून हात फिरवत पुढे सरकत होत्या.

मधोमध पोचून डोक्याला डोकं लागायची वेळ आली, तेव्हा थोरली उठली, वेचून झालेल्या डाव्या कोपऱ्यात परत गेली आणि तिथून पुन्हा वेचायला लागली.