एका बाजूचा कॅमेरा

"अहो, चालू करा म्हणते ना! तिकडे तिचं ताट वाढून झालं असेल."

मीटरकाकांनी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले म्हणून नात्यागोत्यात त्यांना हे नाव पडलं होतं, आणि परदेशच्या सहलीत त्यांनी ते सार्थ करून दाखवलं होतं. दोघांत मिळून एकच रोमिंग पॅक, तो काकांच्या फोनवर. काकूंनी कारंज्याचा एक फोटो जरी कुणाला पाठवायचा म्हटला, तरी उत्तर ठरलेलं. "मुक्कामी गेल्यावर. तिथलं वायफाय फुकट आहे."

आज मुक्कामी वेळेवर पोचायचंच होतं. पण टूरची बस वाटेतच बंद पडली. ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून उभा, बाकीची मंडळी दुकानं बघत पांगलेली, आणि ही दोघं समोरच्या छोट्याशा खाणावळीत. भिंतीवर वायफायची पाटी होती, पण ते वायफाय इथला स्थानिक नंबर मागत होतं. तो कुठून आणायचा?

"किती उरलंय?" काकूंनी विचारलं.

"थोडंसं."

"सकाळी तर भरपूर होतं म्हणालात!"

काकांनी घसा साफ केला. "फोनने आपले आपणच फोटो क्लाउडवर चढवले. सगळेच्या सगळे. बसमध्ये बसल्या बसल्या."

"कुणाच्या फोनने?"

"माझ्या. ते बंद करायचं राहून गेलं."

एरवी काकूंनी हे महिनाभर पुरवून पुरवून नातेवाइकांना सांगितलं असतं. आज त्या हसल्याही नाहीत. "मग दुसरा पॅक घ्या."

"घेतला असता गं. त्याचा ओटीपी बँकेच्या नंबरवर येतो, आणि ते सिम घरी कपाटात आहे. हरवायला नको म्हणून मीच ठेवलं."

काकूंनी कपाळावर हात मारला.

त्यांची धाकटी बहीण त्यांच्याजवळच राहायची. मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून तिला बोलता येत नव्हतं, आणि समोर थोरली जेवत असल्याशिवाय ती तोंड उघडत नव्हती. थोरलीने घास घेतला की हिचा घास. तिला सांभाळणाऱ्या मावशींनी लाडीगोडी केली, दटावलं, शेवटी हात टेकले. ताटासमोर व्हिडिओ कॉल लावून फोन उभा केला आणि ती जेवली, तेव्हा कुठे काकू सहलीला तयार झाल्या. काल बोटीवर रेंज गेली, तर धाकटी उपाशीच झोपली. उपाशीपोटी फिटची गोळी देता येत नाही. आजही गोळी चुकली तर दवाखान्यात हलवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"एवढ्या डेटात तिचं जेवण होईल का हो?" काकूंचा आवाज बदलला होता.

काकांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. आकड्यांचं त्यांना कळत होतं, दुसरं फारसं काही कळत नव्हतं. ते हळूच म्हणाले, "दोन्हीकडचं चित्र चालू ठेवलं तर निम्म्यातच तुटेल. एका बाजूचा कॅमेरा बंद ठेवला तर पुरेल."

"कुठल्या?"

"तू तिला दिसायला हवीस. ती तुला दिसली नाही तरी चालेल."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. काकू पदराने चेहरा पुसून ताठ बसल्या. "लावा."

तिकडे रात्र होती, पण इथं दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर होऊन तासही झाला नव्हता. तरी काकूंनी सूप मागवलं. काकांनी पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला. पलीकडून मावशींनी त्यांच्याकडचा कॅमेरा बंद केला आणि पडदा काळा झाला. कोपऱ्यात तेवढा काकूंचा स्वतःचाच चेहरा उरला.

"हे बघ, मी घेतला हं घास," काकू त्या काळ्या पडद्याला म्हणाल्या आणि चमचा तोंडात घातला. "आता तू."

काहीच ऐकू येईना. काकांनी फोनचा आवाज वाढवला.

"घेतला!" मावशींचा आवाज आला. "घेतला हो ताई!"

काकूंनी दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. भूक नव्हती, घशाखाली उतरत नव्हतं, तरी त्या चवीने जेवल्यासारखं जेवत होत्या. मधूनच "सावकाश गं, ठसका लागेल" म्हणत होत्या. खाणावळीतली पोरगी दोनदा येऊन बघून गेली. काकांची नजर आकड्यावर होती. आकडा झरझर उतरत होता. समोर ड्रायव्हरने बस चालू केली आणि माणसं गोळा करायला हॉर्न वाजवला.

"झालं ताई," मावशी म्हणाल्या. "पोटभर जेवल्या. गोळीही घेतली."

काकूंनी डोळे मिटले. काकांनीही सुटकेचा श्वास सोडला आणि फोन बंद करायला हात पुढे केला.

"पण ताई," मावशींचा आवाज पुन्हा आला, "त्या फोन सोडत नाहीयेत. दोन्ही हातांनी धरून बसल्यात. नुसत्या बघतायत तुमच्याकडे. काढून घेऊ का?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. पॅक संपत आल्याची सूचना पडद्यावर झळकली. बसचा हॉर्न पुन्हा वाजला.

काकांनी हात मागे घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "संपेपर्यंत राहू दे."

वाटीत काही उरलं नव्हतं. काकूंनी रिकामा चमचा उचलला आणि हसत हसत तोंडाकडे नेला.