जिती तिसरी

"फी माफ, वर दरमहा विद्यावेतन" अशी एकच जाहिरात वैजूने आयर्लंडच्या साऱ्या विद्यापीठांच्या पानांतून वेचून काढली होती, आई खाडीच्या चिखलातून तिसऱ्या वेचायची तशी. विषयही तोच निघाला: चिखलातले शिंपले. इतर देशांत केलेल्या आधीच्या तीस अर्जांना नकार आला होता. हाही फसला, तर पीएचडी विसरायची.

मुलाखतीत पडद्यावरच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, "यंत्राशिवाय शिंपला जिवंत आहे, हे कसं ओळखशील?"

वैजूला पुस्तकाआधी आठवली ती आई, ओल्या टोपलीपाशी दोन तिसऱ्या एकमेकींवर वाजवत, कान देऊन बसलेली. "जिती तिसरी गप रवता गो. मेलेली खुळखुळता." वैजूने तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

बाई उठून गेल्या. गेली हीही संधी, असं तिला वाटलं. त्या परतल्या, आणि बादलीतून आणलेले दोन शिंपले त्यांनी माइकपाशी वाजवले. टक्. खुळखुळ नाही. आई गेल्यापासून न ऐकलेला आवाज.

"सप्टेंबरात इथे गारठा असतो," बाई हसल्या. "येताना जाड कपडे आण."

वैजू गपच राहिली, जित्या तिसरीसारखी.