कोरं वर्ष

जैनुद्दीनने पिकअप वादीच्या काठावर उभी केली आणि इंजिनच बंद केलं. वादी म्हणजे ओमानची नदी, एरवी हाडासारखी कोरडी. आजही समोर पाण्याचा थेंब नव्हता. रस्ता उतरून गोट्यांमधून पलीकडे चढत होता, आणि पात्रात कोणाच्या तरी शेळ्या बाभळीचा पाला ओरबाडत होत्या. डोक्यावर आभाळ निळंशार. फक्त डोंगरमाथ्यावर काळं काहीतरी दाटलं होतं, तेही लांब.

“अहो, चला ना,” शेजारी बसलेली बायको, सफूरा, म्हणाली. “मागे काकड्या उकडतायत.”

“थांब जरा.”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा तर रिकाम्या भांड्यावरही फुंकत होता.

त्याला कारण होतं. मागे एकदा सहम गावाच्या याच बाजूला वादी वाहत होती. गुडघाभर पाणी. ओमानी लोक काठाला गाड्या लावून निवांत चहा पीत बसले होते. जैनुद्दीन पडला खेडचा, जगबुडी नदीच्या पुरात वाहते नारळ पकडत वाढलेला. एवढ्याशा पाण्याला भ्यायला तो कोकणातला कसला, असं म्हणून त्याने गाडी घातली. मध्यावर पोचतो तोच वरून लोंढा आला; गाडी गेली खजुराच्या बागेत आणि हा लोकांनी टाकलेल्या दोराला लटकून वाचला. वाहत्या वादीत गाडी घातली म्हणून विमा कंपनीने छदाम दिला नाही. वर पोलिसांचा दंड, आणि नावापुढे शिक्का: धोक्याचा ड्रायव्हर. त्यानंतर कंपन्या दारात उभं करेनात. शेवटी एकीने दुप्पट हप्ता लावून घेतलं आणि बजावलं, वर्ष कोरं गेलं तर हप्ता उतरेल, आणखी एक चूक नावावर चढली तर विमा बंद. विमा नाही तर गाडीचा परवाना नाही, आणि परवाना नाही तर अर्बाबला, म्हणजे मालकाला, जैनुद्दीन हवाय कशाला? खलास, खेडचं तिकीट.

ते वर्ष आता संपत आलं होतं. वर्षभर त्याने गाडी अशी हाकली की सायकलवालेसुद्धा वैतागले.

शेळ्यांनी एकदम माना वर केल्या. राखणारं कोणी नव्हतं, कोणी हाक मारली नव्हती, तरी सगळ्या काठ चढू लागल्या. मग त्याला आवाज आला. दगडावर दगड घासल्यासारखा, खोल, दुरून. मागच्या वेळी हाच आवाज त्याला ट्रकचा वाटला होता.

आणि आरशात पांढरी गाडी दिसली. धुरळा उडवत येत होती, उभ्या पिकअपला वळसा घालून थेट उतारावर जायच्या बेतात. मागच्या खिडकीत दोन पोरांची डोकी. जैनुद्दीनने हॉर्न दाबून धरला, हात बाहेर काढून हलवला. त्या गाडीनेही उलट हॉर्न दिला आणि वेग तसाच ठेवला.

रस्ता अडवला तर चूक आपली, हे त्याला पाठ होतं. वर्षभर दुसरं काही पाठ केलंच नव्हतं. त्याने किल्ली फिरवली आणि पिकअप रस्त्यात आडवी घातली.

“अहो, काय करताय?” सफूरा ओरडली, तोवर ब्रेक किंचाळले आणि पिकअपच्या मागच्या कोपऱ्याला धडक बसली. फळका तुटला, काकड्या रस्ताभर झाल्या. लागलं कोणालाच नाही.

त्या गाडीतून पिकल्या दाढीचा जहूर बलूशी उतरला. सहमकडचे बलूशी, मूळचे बलुचिस्तानातले, हिंदी घरच्यासारखी बोलतात, आणि शिव्या तर त्याहून बऱ्या देतात.

“वेडा आहेस का? माझी नातवंडं आहेत आत,” तो म्हणाला, आणि पुढची शिवी त्याच्या तोंडातच राहिली.

पाणी आलं होतं. माणसाच्या उंचीची तपकिरी भिंत चालत आली. तिच्या तोंडाशी अख्ख्या बाभळी होत्या, गोटे होते, कोणाची तरी पाण्याची टाकी होती. वर लख्ख ऊन, आणि खाली बघता बघता रस्ता नाहीसा झाला. पायाखालची जमीन थरथरत होती. जैनुद्दीनने जन्मभर पूर पाहिले होते, पण ते पावसाचं बोट धरून आलेले. हे पाणी कोरड्या दुपारी एकटंच आलं. त्याची छाती भरून आली. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी होतं.

“सुभानल्ला,” तो पुटपुटला. शेजारी म्हाताराही तेच म्हणाला.

मग जैनुद्दीनने गाडीतून अपघाताचा कागद काढला. किरकोळ धडकेत दोघांनीच ठरवायचं, चूक कोणाची, आणि तसं लिहून सही करायची. विमा कंपनी तेच धरते. तो बॉनेटवर कागद ठेवून चूक करणाऱ्याच्या जागी आपलं नाव लिहू लागला, तशी सफूरा रडायला लागली.

“हिला लागलंय का?” जहूरने विचारलं.

सफूराने मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ते वाहून जाणं, तो हप्ता, ते वर्ष. जहूरने ऐकून घेतलं. मग जैनुद्दीनच्या हातातला कागद ओढून फाडला, आपल्या गाडीतून दुसरा आणला आणि चूक करणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहून सही ठोकली.

“बाबा, गाडी आडवी मी घातली,” जैनुद्दीन म्हणाला.

“आणि मागून येऊन धडकलो मी.”

“तुमचा हप्ता वाढेल.”

म्हाताऱ्याने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा काकड्या गोळा करणाऱ्या नातवंडांकडे.

“वाढू दे,” तो म्हणाला. “माझं नाव आयुष्यभर कोरं राहिलं. ती कोरी जागा अल्लाने कोणासाठी राखली होती, ते आज कळलं.”