सरांची पद्धत

“ताई, तुम्ही समोर दिसलात की लेकीचे पाय जड होतात,” असं सर म्हणाले, तेव्हापासून आई प्रत्येक शर्यत शेवटच्या रांगेत, टोपी डोळ्यांवर ओढून, जीव मुठीत धरून पाहायची. आज लेक पहिली आली आणि तिला राहवलं नाही. धावत खाली जाऊन तिने लेकीला मिठी मारली.

“आज बरी सवड मिळाली तुला,” म्हणत लेकीने हात सोडवले आणि ती बूट बदलायला निघून गेली.

आईने सरांकडे पाहिलं.

“काही मुली कौतुकाने पळतात, ताई, काही चिडून. तुमची चिडून पळते,” सर हळूच म्हणाले. “म्हणून दरवेळी मी सांगतो, आईला यायचा कंटाळा आला. उद्याच्या फायनलपर्यंत तेवढं सांभाळून घ्या.”